आंजीच्या फाटकावरचं चाक

शनिवार, जानेवारीचा तिसरा आठवडा. हजर : मी, माझे सासरे, म्हणजे बाबा, निवृत्त चित्रकला शिक्षक, आणि वर्धा स्टेशनवर गाडी घेऊन आलेला बाबांचा भाचा प्रशांत. बाबांची धाकटी बहीण, म्हणजे प्रशांतची आई कमलआत्या, रविवारपासून. सामान : दोन बॅगा, औषधांचा डबा, काठी, भिंग आणि सांगलीहून निघताना मी केलेली कामांची यादी.

कामाला सुरुवात एका फोनपासून झाली. बाबांनी तरुणपणी आंजी (मोठी) इथल्या शाळेत नोकरी केली आणि त्या शाळेचं बोधचिन्ह काढून दिलं. एक चाक आणि त्यात सहा आरे, बाकी काही नाही. ना पुस्तक, ना समई, ना उगवता सूर्य. आता शाळेला नवं लोखंडी फाटक बसायचं होतं. शाळेचे सचिव राऊत सर फोनवर अदबीनं म्हणाले की, जुन्या चाकाचा अर्थ आता गावात कुणाला सांगता येत नाही. सोमवारच्या बैठकीत कुणी सांगितला तर फाटकावर तेच चाक राहील, खाली दगडी पाटीवर अर्थही कोरू. नाहीतर अशोकचक्र बसवायचं ठरलं आहे.

बाबा म्हणाले, “फोनवर सांगण्यासारखं नाही. मी येतो.”

येणं सोपं नव्हतं. बाबांच्या डोळ्यांचं मधलं दिसणं गेलं आहे, फक्त कडेचं दिसतं. समोर माणूस उभा राहिला की त्यांना त्याचे कान आणि खांदे दिसतात, चेहरा दिसत नाही. कडेचं तरी किती टिकेल, यावर डॉक्टर गप्प राहतात. म्हणून मी रजा टाकली आणि तिकिटं काढली.

शनिवार : वर्धा, बोरगाव मेघे

फलाटावर पाय ठेवताच पहिली बदलली ती बाबांची बोली. माझ्या लग्नापासून मी त्यांना ‘मला-तुला’ असंच बोलताना ऐकलेलं. प्रशांत पाया पडला आणि बाबा म्हणाले, “काऊन रे, इतका बारीक काऊन झाला? तुले जेवाले देत नाई काय कोणी?”

“मामा, तुमाले माह्या कडा दिसून राह्यल्या. मधातलं पोट दिसत नाई, म्हणून बारीक वाटतो.”

मी दचकले. आमच्या घरी बाबांच्या डोळ्यांचा विषय हळू आवाजात निघतो, तोही ते आंघोळीला गेल्यावर. बाबा मात्र काठी टेकून पोट धरून हसले. सांगलीला परत गेल्यावर बदलायची पहिली गोष्ट मी तिथंच नोंदवली.

गाडीत बाबांनी मला काम लावलं. “रस्त्यानं पाट्या पाहत राह्य. चाक दिसलं की सांग.”

मला वाटलं, क्वचित कुठं दिसेल. आमच्याकडे संस्थांच्या चिन्हांवर ऊस असतो, समई असते, फार तर हत्ती. वर्ध्यात मला दर दोन वळणांमागे चाक सापडायला लागलं. खादीच्या दुकानावर चरख्याचं. तंत्रशाळेच्या भिंतीवर दातेरी, आत पाना आणि हातोडा. एका पतसंस्थेच्या फलकावर चाकाला दोन्ही बाजूंनी कापसाची बोंडं. विहाराच्या कमानीवर आठ आऱ्यांचं धम्मचक्र, नुकताच रंग दिलेलं. सरकारी कचेरीच्या फाटकावर अर्थातच राजमुद्रा.

“सिंहाईकडे सारेच पाहतात,” बाबा म्हणाले. “त्याईच्या पायाखाली पाह्य. काय हाये?”

प्रशांतनं गाडी हळू केली. मधे चाक, एका बाजूला धावता घोडा, दुसऱ्या बाजूला बैल. नोकरीत मी रोज हे चिन्ह असलेले कागद हाताळते. बैल मला त्या दिवशी दिसला.

बाबा बोलत राहिले. वर्गात बोलायचे तसेच असणार. दातेरी चाकाला शेजारी दुसरं चाक लागतं, एकटं फिरून ते काही कामाचं नाही, म्हणून कारखाने आणि तंत्रशाळा ते घेतात. चरख्याचं चाक हात मागतं. कुणी बसलं तरच फिरतं. झेंड्यावर आधी अख्खा चरखा होता, पण मागून पाहिलं की तो उलटा दिसायचा. चाक मात्र दोन्हीकडून सारखंच. आणि धम्मचक्राला फिरवणारा हात कधी दाखवत नाहीत, कारण ते एकदा फिरवून झालेलं आहे.

“आणि तुमचं?” मी विचारलं.

“माह्यं पाहून सांगतो.”

“पाहून?” प्रशांत म्हणाला. “मामा, काढलं तं तुम्हीच ना?”

बाबा खिडकीकडे वळून बसले. त्यांना खिडकीतून काय दिसत होतं, मला माहीत नाही.

बोरगाव मेघेला प्रशांतच्या घरी रात्री तुरीच्या सोल्यांची भाजी होती, म्हणजे ओल्या तुरीचे दाणे, वांगं घालून. वर तेलाचा लाल तवंग. सांगलीचा माणूस तिखटाला घाबरत नाही, असं मी मोठ्या आवाजात म्हटलं आणि दुसऱ्या घासाला पाणी मागितलं. आमचं तिखट जिभेवर कळतं, इथलं कानात जाऊन कळतं.

रविवार : कारंजा (घाडगे), मग आंजी

फाटक कारंज्याला तयार होत होतं. बैठकीआधी ते पाहून घ्यावं, हे माझ्या यादीत होतं. वाटेत आंजीला कमलआत्या गाडीत बसणार होत्या.

त्या दाराबाहेरच उभ्या होत्या, पदर खोचून. भाऊ-बहीण फार दिवसांनी भेटत होते. बाबा गाडीतून उतरले आणि मान किंचित तिरकी करून उभे राहिले. कडेनं पाहायचं असलं की ते असं करतात.

“दादा, मी कमल.”

“दिसते मले. तुह्या कानातले झुबे दिसून राह्यले.”

“आन् तोंड?”

“तोंड नाई दिसत.”

“बरंच हाये,” आत्या म्हणाल्या. “तोंड आता पाहाण्याजोगं नाई राह्यलं.” आणि त्यांनी बाबांचा हात धरला तो कारंजा येईपर्यंत सोडला नाही.

आर्वी मागे टाकल्यावर चाकांचा अभ्यास करायला निघालेल्यांचं चाक पंक्चर झालं. प्रशांत जॅक लावत होता. आम्ही तिघं बाभळीखाली बसलो. बांधापलीकडे कापूस वेचून उरलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, रस्त्याच्या कडेच्या काट्यांना अडकलेले कापसाचे पांढरे पुंजके, आणि भेगा पडायला लागलेली काळी जमीन. आत्यांनी पिशवीतून उकडलेल्या तुरीच्या शेंगा काढल्या. शेंग सोलून दाणे त्या आधी बाबांच्या तळहातावर ठेवत, मग माझ्या. दाणा तोंडात टाकून बाबा म्हणाले, “मीठ कमी हाये.” आत्या म्हणाल्या, “डोळे गेले, पण जीभ जशीच्या तशी हाये.”

कारंज्याला हायवेच्या कडेला, ढाब्याशेजारी ते वर्कशॉप. फाटक भिंतीला टेकवून ठेवलेलं. बरोबर मधोमध एक मोठं गोल कडं, आतून रिकामं. बाबांनी काठी माझ्याकडे दिली आणि दोन्ही तळहात त्या कड्यावरून फिरवले, खालून वर, पुन्हा वरून खाली.

वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवून मिस्त्री म्हणाला, “काका, अशोकचक्र रेडीमेड भेटते. उद्या सांगा, परवा बसवून देतो. पण तुमच्या शाळेचं जुनं चाक पाहिजे असंन तं मले नीट डिझाइन द्या. सरांनी फोटो पाठवला व्हता. तो पाहून मले वाटलं, पंख्याची एजन्सी हाये काय.”

तो मनापासून बोलला, टोमणा नव्हता. प्रशांतला हसू आलं होतं, ते त्यानं दाबलं. बाबांनी हात कड्यावरून काढून घेतले.

“मूळ चित्र आहे ना शाळेत?” मी विचारलं.

“नाई,” बाबा म्हणाले. “कागदावर मी ते कधी काढलंच नाई. मातीत काढून दाखवलं व्हतं.”

आम्ही परत निघालो. इतक्या चाकांत बाबांचं असं हे एकच चाक होतं, आणि ते फाटकावर राहायचं तर उद्या सकाळपर्यंत त्याचा अर्थ हवा होता आणि आकारही. मी मागच्या सीटवर बसून मनात पर्याय मांडत होते : जुना फोटो मोठा करून घेणं, माझ्या मुलाकडून संगणकावर काढून घेणं. बाबांना एकही सांगितला नाही. त्यांचा चेहरा पर्याय ऐकणाऱ्याचा नव्हता.

आंजीच्या घरी चहा झाल्यावर आत्या म्हणाल्या, “प्रशांत, फळीवरचा बैल काढ.”

आमच्याकडे पोळा नाही, बेंदूर असतो. तोही एका दिवसाचा. इकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लहान पोरं लाकडी बैल सजवतात आणि दोरीनं ओढत घरोघर नेतात, म्हणून बैलाच्या पायांखाली चाकं असतात. आत्यांचा बैल सागवानी होता, शिंगं गुळगुळीत झालेली, एका कानाचा टवका गेलेला. त्यांच्या आणि बाबांच्या वडिलांनी केलेला.

तो बाबांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी मला जवळ बोलावलं. “सूनबाई, चाक पाह्य आन् मले सांग.”

मला वर्णन करता येत नाही. मला याद्या करता येतात. मी तशीच सुरुवात केली. “लाकूड एकसंध. रंग लाल होता, आता कडेलाच राहिलाय. मधे भोक, त्यात लोखंडी दांडी. भोकापासून कडेपर्यंत सहा आरे कोरलेत. मधे बारीक, पुढं फुगलेले, टोकाला पुन्हा बारीक.”

“सारखे हाये?”

मी बोटानं मोजून पाहिलं. “सगळे सारखे.”

“आमच्या बापाजवळ पट्टी नोती,” आत्या म्हणाल्या. “सुतळी व्हती. आधी आंगणात काढून दाखवत, मंग लाकडावर. दादा आन् मी रोज काढो. हा दोरी घेऊन गोल फिरे. मी लहान, मले मधात बसवून ठेवे खुंटी धराले. मले एक डाव फिरू दे म्हटलं तं नाई म्हणे.”

“तुह्यानं वाकडं झालं असतं,” बाबा म्हणाले.

“तुले काय माईत? फिरूच नाई दिलं कधी.”

बाबा चाकावरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, “प्रशांत, उद्या डिक्कीत सुतळी ठेवजो.”

सोमवार : आंजीची शाळा

बैठकीला मुख्याध्यापिका ढोबळे मॅडम, राऊत सर आणि आम्ही. पोहे आले, वर चण्याची तर्री. भिंतीवर जुनं बोधचिन्ह टांगलेलं, रंग उडालेलं. खरोखरच थोडंसं पंख्यासारखं दिसत होतं.

राऊत सर याच शाळेचे विद्यार्थी, पण बाबा शाळा सोडून गेल्यानंतरचे. ते म्हणाले, “सर, अशोकचक्र कोणाले समजावून सांगा लागत नाई. आपलं चाक पाहून पाहुणे विचारतात आन् आम्ही एकमेकाकडे पाहतो.”

ढोबळे मॅडमना बाबांची बाजू घ्यायची होती. रात्री त्यांनी विचार केलेला दिसत होता. “सहा आरे म्हणजे सहा ऋतू, असं घेतलं तर? कालचक्र आणि शिक्षण. दगडावर छान दिसेल.”

ते खरंच छान होतं. मी टेबलाखाली मूठ आवळली. बाबा ‘हो’ म्हणाले की काम संपलं.

“मॅडम, तुमचं चांगलं हाये,” बाबा म्हणाले. “पण मी ऋतूंसाठी नोतं काढलं. खोटं कसं लिहू दगडावर?”

राऊत सरांनी मान खाली घातली आणि पोह्यांची प्लेट बाजूला सरकवली. त्यांना हे लांबायला नको होतं, आणि एका म्हाताऱ्या मास्तराला नाही म्हणायलाही नको होतं.

“मले मातीची जागा दाखवा,” बाबा म्हणाले.

पुढच्या अंगणात आता सगळीकडे सिमेंटचे गट्टू. माती उरली होती ती मागे, खो-खोच्या मैदानापाशी. प्रजासत्ताक दिनाच्या कवायतीसाठी मुलं तिथं रांगेत उभी होती. त्यांना बाजूला बसवलं. प्रशांतनं बाभळीची खुंटी ठोकली, सुतळीचं एक टोक तिला बांधलं, दुसऱ्याला मोठा खिळा. बाबांनी खिळा घेतला, मान तिरकी केली आणि सुतळी ताणून फिरायला सुरुवात केली.

ते सावकाश फिरले. रेघ जमिनीत उमटत होती. मी मागे होते, पडले तर धरायला. पूर्ण फेरा मारून ते सुरुवातीपाशी आले आणि थांबले. रेघ मिळाली नव्हती. सुरुवात आणि शेवट यांच्यात चांगलं वीतभर अंतर होतं.

“मिळालं?” बाबांनी मला विचारलं.

मी वाकून ती फट पुन्हा पाहिली.

“नाई मिळालं,” पायरीवर बसलेल्या आत्या म्हणाल्या. “कसं मिळंन? खुंटी कोणी धरली हाये?”

काळी माती. वरून टणक वाटते, पण आत भेग असते. सुतळी ताणली की खुंटी त्या बाजूला कलते. माणूस सरळ चालतो आणि वर्तुळ वाकडं होतं.

बाबा तिथंच उभे राहिले. मग त्यांनी खिळा पुढं केला, आत्यांच्या आवाजाच्या दिशेनं. “घे. तू फिर. आज मी धरतो.”

“माहे गुडघे...”

“बसाले गुडघे लागतात. चालाले पाय लागतात. तू फिर.”

मी आणि प्रशांतनं बाबांना हळूहळू खाली बसवलं. पांढरा लेंगा, काळी माती. त्यांनी खुंटी दोन्ही हातांत पक्की धरली आणि डोळे मिटून घेतले. त्यांना मधलं दिसत नव्हतं. हातात मात्र होतं.

आत्यांनी नऊवारीचा काठ वर खोचला, खिळा जमिनीला लावला आणि निघाल्या. पहिली काही पावलं अडखळत, मग नीट. अर्ध्या फेऱ्यावर त्यांना हसू फुटलं. “दादा, चक्कर येते रे!” बाबा डोळे न उघडता म्हणाले, “सुतळी ढिली नको करू, कमे.” खुंटी बाबांच्या हातांत थरथरताना मला दिसत होती, पण ती कलली नाही.

रेघ सुरुवातीला येऊन मिळाली.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. आत्या म्हणाल्या, “वाकडं झालं काय? सांग ना आता.”

पुढचं सोपं होतं. तीच सुतळी कडेवर सरळ ठेवत जायची. ती बरोबर सहा वेळा बसते, कमी नाही, जास्त नाही. ढोबळे मॅडमनी स्वतः वाकून खुणा केल्या. प्रत्येक खुणेपासून मध्यापर्यंत रेघ ओढली आणि सहाही रेघा बाबांच्या मुठींपाशी येऊन थांबल्या.

तेव्हा बाबा बोलले, फार थोडं. शाळा सुरू झाली तेव्हा पोरांकडे कंपास नव्हते. ज्याच्या-त्याच्या हातून निघेल असं चिन्ह त्यांना हवं होतं. पण हे चाक एकट्याच्या हातून निघत नाही. “एकानं फिरा लागते, एकानं धरून बसा लागते. फिरणारा दिसते. बसणारा चित्रात येतच नाई. इतकाच अर्थ हाये, सर. दगडावर कोरण्याएवढा मोठा नसंन.”

राऊत सरांनी चपला काढल्या, ते वर्तुळात गेले आणि बाबांना उठायला हात दिला. मग प्रशांतच्या फोनवरून कारंज्याच्या मिस्त्रीशी बोलले : रेडीमेड आणू नका. डिझाइन लागत नाही, कड्याच्या अर्ध्या रुंदीएवढी सुतळी घ्या आणि कड्यावर ठेवत जा. मिस्त्रीला काय कळलं माहीत नाही. पलीकडून आवाज आला, “मंग दुसरा माणूस लागंन धराले.” बाबा म्हणाले, “समजलं त्याले.”

आम्ही निघताना मैदानावर दोन मुली बसल्या होत्या, एक खुंटी धरून, एक खिळा घेऊन. आणि फिरायची पाळी कुणाची, यावर त्यांचं भांडण चालू होतं.

सांगली

फाटक बसलं. प्रशांतनं फोटो पाठवला. मी बाबांना तो यादीसारखाच वाचून दाखवला : रंग काळा, कडं जाड, आरे सहा, सारखे. खाली दगडी पाटी.

पाटी कोरी आहे. त्यावरच्या दोन ओळी लिहून पाठवायचं काम राऊत सरांनी माझ्यावर सोपवलं. मी बरेच मसुदे केले. बाबा प्रत्येक ऐकतात आणि अजून वर्ध्याच्याच बोलीत विचारतात, “यात कमल कुठं हाये?” कमलचं नाव घातलेला मसुदा मी आत्यांना फोनवर वाचला, तर त्या म्हणाल्या, “माह्यं नाव टाकलं तं मी त्या शाळेत पाय नाई ठेवणार. मधात बसणाऱ्याचं नाव कोणी लिहिते काय? त्याचं लिहा, ज्यानं चाक काढलं.” मी म्हटलं, “आत्याबाई, सोमवारचं चाक तुम्हीच काढलंत.” त्या म्हणाल्या, “तं मंग दादाचं लिहा. त्यानं धरलं.”

हे मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “तिले सांग, हट्ट नको करू.”

दगड कोरणारा प्रशांतला अधूनमधून विचारतो. माझ्या यादीतली बाकी सगळी कामं झाली. दोन ओळींचं तेवढं राहिलं आहे.